संतूरचा अमेरिकन भाऊबंद: हॅमर्ड डल्सिमरवर 'ओल्ड-टाइम' संगीत कसं शिकतात?

समलंब चौकोनी आकाराची लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेल्या पन्नासेक तारा आणि दोन हातांत दोन नाजूक हातोड्या. इन्स्टाग्रामवर असा व्हिडिओ समोर आला की मराठी माणूस आधी म्हणतो, "अरे, हे तर संतूर!" मग लक्षात येतं की पेटी मांडीवर नाही, तिरक्या स्टँडवर आहे. शेजारी एक जण बँजो आणि दुसरा व्हायोलिन वाजवतोय आणि सुरांचा बाज आपल्याकडचा अजिबात नाही.

या वाद्याचं नाव हॅमर्ड डल्सिमर. आणि ते तिघं जे वाजवतायत, त्याला अमेरिकेत 'ओल्ड-टाइम' संगीत म्हणतात.

गंमत अशी की हॅमर्ड डल्सिमरवर पहिल्याच दिवशी कुणालाही सरगम वाजवता येते. महिन्याभरात एखादी सोपी धूनही बसते. पण तीच धून ओल्ड-टाइम वाजवणाऱ्यांच्या गोलात बसून वाजवायला गेलं, तर अनेकदा बाकीच्यांच्या कपाळाला आठी पडते. शिकायला सोपं म्हणून ओळखलं जाणारं वाद्य आपल्याच घरच्या संगीतात परकं का ठरतं? आणि शिकणारे यातून वाट कशी काढतात?

आधी नावाचा गोंधळ सोडवू

अमेरिकेत 'डल्सिमर' नावाची दोन वाद्यं आहेत आणि त्यांचं एकमेकांशी नातं जवळपास शून्य आहे. एक 'माउंटन' किंवा 'अ‍ॅपलेशियन' डल्सिमर. ते लांबट, कमरेत बारीक असतं, त्याला तीन-चार तारा असतात आणि ते मांडीवर आडवं ठेवून छेडतात. केंटकीच्या गायिका जीन रिची यांनी ते जगभर पोचवलं. दुसरं आपलं हॅमर्ड डल्सिमर, म्हणजे तारांवर आघात करून वाजवायचं. यूट्यूबवर नुसतं 'डल्सिमर लेसन' शोधलं तर दोन्ही येतात, त्यामुळे शोधताना 'हॅमर्ड' हा शब्द टाकावाच लागतो.

हॅमर्ड डल्सिमरचं गोत्र मोठं आहे. इराण आणि इराकचं संतूर, काश्मीरचं संतूर, चीनचं यांगचिन, हंगेरीचं सिंबालोम, जर्मन भाषकांचं हाकब्रेट ही सगळी एकाच कल्पनेची रूपं. पेटीवर तारा ताणायच्या, खाली घोड्या लावायच्या आणि वरून मारायचं. 'डल्सिमर' या शब्दाची फोड सहसा लॅटिनमधला 'गोड' आणि ग्रीकमधलं 'गीत' अशी केली जाते. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्येही हा शब्द येतो. तिथे मूळ शब्द वेगळ्याच वाद्याचा होता आणि भाषांतरकारांनी डल्सिमर करून टाकलं, असं अभ्यासक मानतात. अमेरिकेत मात्र पुढे अनेकांना वाटत राहिलं की हे बायबलमधलं वाद्य आहे. वाद्याची प्रतिष्ठा त्याने वाढली असणार, यात शंका नाही!

ओल्ड-टाइम म्हणजे नक्की किती जुनं?

नावावरून वाटतं तेवढं हे नाव जुनं नाही. १९२३ मध्ये ओके रेकॉर्ड्सच्या राल्फ पीअर यांनी अटलांटामध्ये फिडलिन जॉन कार्सन या वादकाचं ध्वनिमुद्रण केलं. ती रेकॉर्ड अनपेक्षितपणे खपली. मग दक्षिणेकडच्या ग्रामीण गोऱ्यांचं संगीत विकण्यासाठी कंपन्यांना एक लेबल हवं होतं. 'ओल्ड-टाइम' हे त्यातलंच एक. कृष्णवर्णीयांच्या रेकॉर्ड 'रेस रेकॉर्ड्स' या वेगळ्या यादीत विकल्या जायच्या. प्रत्यक्षात संगीत असं कधीच विभागलेलं नव्हतं. बँजो हे वाद्यच गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकनांकडून आलेलं, आणि फिडल वाजवणारे कृष्णवर्णीय वादक दक्षिणेत पिढ्यान् पिढ्या होते. नॉर्थ कॅरोलायनाचे जो थॉम्पसन हे त्या परंपरेतले फिडलवादक. त्यांच्याकडे शिकलेल्या तरुणांनी 'कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स' हा बँड काढला आणि तो ग्रॅमीपर्यंत गेला.

(फिडल म्हणजे काय? तेच व्हायोलिन. वाद्य एकच, वाजवण्याची पद्धत आणि संगीत वेगळं.)

हे मुळात नाचाचं संगीत आहे. एका धुनेचे दोन भाग असतात. पहिला भाग दोनदा, दुसरा दोनदा, की एक फेरी पूर्ण. एका फेरीत साधारण ६४ ठोके. नाचाची लय मिनिटाला ११० ते १२० ठोक्यांच्या आसपास, म्हणजे एक फेरी अर्ध्या मिनिटात संपते. एक नाच आठ-दहा मिनिटं चालतो. तेवढा वेळ तीच धून पंधरा-वीस वेळा वाजत राहते.

इथेच जॅझ किंवा ब्लूग्रासपेक्षा फरक पडतो. त्यांच्यात एकेकाला पाळी मिळते, प्रत्येक जण आपली करामत दाखवतो. ओल्ड-टाइममध्ये तशी पाळी सहसा नसते. फिडल धून वाजवतं, बँजो तीच धून तालात गुंफतो, गिटार खालून ठेका धरते आणि सगळे शेवटपर्यंत एकत्र वाजवतात. आपल्याकडच्या भजनी मंडळात टाळकरी, पखवाजवाला आणि म्हणणारे जसे एकाच प्रवाहात असतात, तसं काहीसं. इथे उठून दिसणं हा गुण मानला जात नाही. हॅमर्ड डल्सिमरची अडचण नेमकी इथून सुरू होते, पण त्याआधी थोडा इतिहास बघावा लागेल.

लाकूडतोड्यांचा पियानो, आणि तो हरवला कसा

इंग्लंडहून आलेल्या वसाहतवाल्यांबरोबर हे वाद्य अमेरिकेत पोचलं. एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्क राज्य, ओहायो, मिशिगन, वेस्ट व्हर्जिनिया या पट्ट्यात ते चांगलंच रुजलं. मिशिगनच्या जंगलातल्या लाकूडतोड्यांच्या छावण्यांमध्ये पियानो नेणं शक्य नव्हतं, डल्सिमर मात्र पाठीवर टाकून नेता यायचं. म्हणून त्याला 'लंबरजॅकचा पियानो' हे टोपणनाव पडलं. सीअर्स रोबकसारख्या कंपन्यांच्या घरपोच मालाच्या कॅटलॉगमध्येही ते मिळायचं.

मग खरा पियानो स्वस्त झाला, गिटार आली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डल्सिमर माळ्यावर गेलं. नेमकी हीच ती वर्षं होती, जेव्हा रेकॉर्ड कंपन्या गावोगावचं संगीत टिपत होत्या. फिडल आणि बँजोच्या ढीगभर रेकॉर्ड निघाल्या. हॅमर्ड डल्सिमरच्या मात्र बोटावर मोजण्याइतक्या.

त्यातल्या काही कुणामुळे निघाल्या? मोटारवाल्या हेन्री फोर्डमुळे. फोर्डला जुन्या पद्धतीच्या नाचांचं वेड होतं. १९२० च्या दशकात त्याने डिअरबॉर्नमध्ये पगारी वादकांचा ऑर्केस्ट्रा ठेवला. त्यात फिडलबरोबर डल्सिमर आणि सिंबालोमही होतं, आणि त्यांच्या रेकॉर्ड निघाल्या. या प्रेमाची दुसरी बाजू कमी सांगितली जाते. फोर्डला जॅझचा तिटकारा होता, आणि त्याच्या मालकीच्या वृत्तपत्रात जॅझला ज्यूंचं कारस्थान ठरवणारे लेख छापून येत होते. 'आपलं जुनं, शुद्ध संगीत' जपण्याच्या हट्टामागे बऱ्याचदा काय काय असतं, त्याचा हा एक नमुना.

वाद्य पूर्ण मेलं नाही, कारण मिशिगन आणि वेस्ट व्हर्जिनियात काही घरांत ते वाजत राहिलं. १९६३ मध्ये मिशिगनमध्ये 'ओरिजिनल डल्सिमर प्लेयर्स क्लब' स्थापन झाला. १९६६ मध्ये फोकवेज कंपनीने मिशिगनचे जुने वादक चेट पार्कर यांची रेकॉर्ड काढली. वेस्ट व्हर्जिनियात वर्ली गार्डनर वाद्यं बनवायचे आणि वाजवायचेही. पण खरी लाट आली १९७३ मध्ये. त्या वर्षी बिल स्पेन्स यांचा 'द हॅमर्ड डल्सिमर' हा अल्बम आला. तो ऐकून अनेकांनी हे वाद्य बनवायला किंवा विकत घ्यायला सुरुवात केली. सॅम रिझेटासारख्या कारागिरांनी त्याची नवी रूपं घडवली.

या लाटेतून तयार झालेली शैली झुळझुळणारी होती. भरपूर सूर, एकमेकांत मिसळणारे, ऐकायला फार सुंदर. आयरिश धुना, न्यू इंग्लंडचे नाच, नाताळची गाणी या सगळ्यांना ती छान शोभली. ओल्ड-टाइमला ती तितकीशी मानवली नाही.

उजवीकडे सा रे ग म, डावीकडे प ध नि सां

आता वाद्याकडे वळू. कारण त्याची रचना इतकी हुशार आहे की सरगम माहीत असलेल्या माणसाला ती पाच मिनिटांत कळते.

सुरुवातीला बहुतेक जण '१२/११' मापाचं डल्सिमर घेतात. म्हणजे एका घोडीवर १२ आणि दुसरीवर ११ जागा. प्रत्येक जागी एकाच सुरात लावलेल्या दोन तारा, म्हणजे एकूण ४६. मोठ्या '१६/१५' मापात हाच आकडा ६२ वर जातो. उजवीकडची घोडी खर्जाची. मधली, जरा डावीकडे असलेली घोडी मुख्य. ती तारेला अशा ठिकाणी दुभागते की एकाच तारेच्या उजव्या भागातून 'सा' निघाला, तर डाव्या भागातून बरोबर 'प' निघतो. दोन्ही भागांच्या लांबीचं प्रमाण ३ ला २ असतं, म्हणून.

त्यामुळे काय होतं? खुणेच्या तारेवरून सुरू करून उजव्या बाजूने वर चार तारा वाजवल्या की सा, रे, ग, म. मग त्याच चार तारांच्या डाव्या बाजूला प, ध, नि, सां. आठ सुरांचा हा छोटा चौकोन म्हणजे एक पूर्ण सप्तक, बिलावल थाटाचं. पट्टी बदलायची तर पेटी पुन्हा लावायची गरज नाही. तीन जागा वर सरकायचं. आधीचा 'म' हा नवा 'सा' होतो आणि तोच चौकोन तिथे तसाच सापडतो. पाश्चात्त्य भाषेत सांगायचं तर ए, डी, जी, सी या पट्ट्या एकावर एक रचलेल्या असतात. आणि ओल्ड-टाइमच्या बहुतेक धुना याच चार पट्ट्यांमध्ये असतात. म्हणजे कागदावर तरी वाद्य आणि संगीत अगदी एकमेकांसाठी बनलेले!

कोमल स्वरांचं काय? ते सगळे नसतात. १२/११ मध्ये बाराही सूर प्रत्येक सप्तकात मिळत नाहीत. पण ओल्ड-टाइमला त्यांची फार गरजही पडत नाही. 'ओल्ड जो क्लार्क' ही प्रसिद्ध धून घ्या. ती ए पट्टीत वाजते आणि तिच्यात निषाद कोमल लागतो, आपल्या खमाज थाटासारखा. त्यासाठी वेगळी तार शोधावी लागत नाही, कारण ए पासून सुरू होणाऱ्या खमाजचे सूर आणि डी पासून सुरू होणाऱ्या बिलावलचे सूर एकच आहेत. डी चा चौकोन आणि त्याच्या आसपासच्या तारा वापरायच्या, फक्त ए ला 'सा' मानायचं.

सुरुवातीची धून म्हणून बरेच शिक्षक 'अँजेलिना बेकर' देतात. हिचं मूळ स्टीफन फॉस्टर यांच्या १८५० च्या गाण्यात आहे, पण फिडलवाल्यांनी तिला पार बदलून टाकलंय. डी पट्टीतल्या या धुनेच्या बहुतेक रूपांत पाचच सूर लागतात: सा, रे, ग, प, ध. होय, भूपाचे सूर. म्हणून ती भूप वाटत नाही हं, चाल आणि लय पूर्ण वेगळी. पण बोटांना ओळखीची जागा मिळते, म्हणजे इथे हातोड्यांना.

उजवा हात घड्याळाचा, डावा हात मोकळा

हातोड्या लाकडाच्या, साधारण वीतभर लांब. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मध्ये धरून वरून अंगठा टेकवायचा. घट्ट आवळायच्या नाहीत. तारेवर पडली की ती स्वतःहून उडाली पाहिजे. अनेक हातोड्यांच्या एका बाजूला चामडं लावलेलं असतं. उघड्या लाकडाचा आवाज टणक येतो, चामड्याचा मऊ.

नवशिक्याचा पहिला मोह असतो की जवळचा हात वापरायचा. तार डावीकडे असली की डावा, उजवीकडे असली की उजवा. यात धून येते, लय मात्र लंगडी होते. म्हणून ओल्ड-टाइम शिकवताना बरेच जण एका हाताला प्रमुख करतात, बहुधा उजव्याला. ठोक्यावरचा आणि अर्ध्या ठोक्यावरचा सूर नेहमी उजव्या हाताने, तार कुठेही असो. मधले भरीचे सूर डाव्याने. सुरुवातीला हात एकमेकांवरून जातात, हातोड्या धडकतात, चिडचिड होते.

पण याचा फायदा मोठा आहे. धून अशी बसवली की एक प्रयोग करून बघायचा: डावा हात खाली ठेवा आणि फक्त उजव्याचे सूर वाजवा. जे उरतं, तो त्या धुनेचा सांगाडा. तो धरून ठेवला की धून ओळखू येते. लय अंगावर आली, मंडळी फार जोरात निघाली, तर डावा हात सोडून द्यायचा आणि सांगाड्यावर चालत राहायचं. नवशिक्याला जॅममध्ये तगवणारी याहून चांगली युक्ती नाही.

दुसरा सराव ऐकायला फालतू वाटतो. एकच तार घ्यायची आणि तिच्यावर फिडलच्या गजाची लय वाजवायची: एक लांब, दोन आखूड. 'दाऽ दि-रि, दाऽ दि-रि.' उजवा, मग उजवा-डावा. यात वजन 'दाऽ'वर नाही, 'दि'वर टाकायचं. नाचणाऱ्याचा पाय जिथे उचलला जातो, तिथे. आठवडाभर रोज दहा मिनिटं हे केलं तर पुढे कुठलीही धून आपोआप नाचरी वाटायला लागते. हे न करता पन्नास धुना पाठ केल्या, तरी त्या म्युझिक बॉक्ससारख्याच वाजतात.

खरी अडचण: आवाज थांबतच नाही

फिडलचा गज थांबला की सूर थांबतो. बँजोच्या पडद्यावरचा सूर 'टण' होऊन लगेच विरतो. हॅमर्ड डल्सिमरच्या धातूच्या तारा मात्र मारल्यानंतर कितीतरी वेळ गुंजत राहतात. पियानोतही हेच झालं असतं, पण त्यात बोट उचललं की तार दाबून गप्प करणारी यंत्रणा असते. साध्या डल्सिमरमध्ये ती नसते.

एकट्याने वाजवताना हा गुंजारव हेच वाद्याचं सौंदर्य असतं. पण धून डी च्या स्वरसंगतीतून ए च्या संगतीत गेली, की मागचा 'सा' अजून घुमतोय आणि वर नवा 'नि' पडतोय. मिनिटाला ११५ च्या लयीत, अर्ध्या-पाव ठोक्याला एक सूर, असं झालं की काही सेकंदांत धुकं तयार होतं. त्या धुक्यात फिडलच्या गजाचे बारीक हिसके आणि बँजोचा टोकदार ताल दिसेनासा होतो. आणि हे संगीत तर त्या हिसक्यांवरच उभं आहे. कपाळावरच्या आठीचं कारण हे.

भारतीय वाचकाला इथे एक उलटी गोष्ट आठवेल. पंडित शिवकुमार शर्मा यांनी १९५५ मध्ये मुंबईत पहिल्यांदा संतूर वाजवलं, तेव्हा शास्त्रीय संगीतातल्या जाणकारांचा आक्षेप होता की याचे सूर तुटक आहेत, यावर मींड निघत नाही. सूर पुरेसा टिकत नाही, ही तक्रार! अमेरिकेतल्या भाऊबंदाविषयीची तक्रार बरोबर विरुद्ध. शर्मांनी वाद्यात आणि वादनात वर्षानुवर्षं बदल करून उत्तर दिलं. डल्सिमरवाल्यांनीही दोन्ही बाजूंनी प्रयत्न केले आहेत.

वाद्याच्या बाजूने म्हणजे, सॅम रिझेटा यांनी पायाने दाबायचे डॅम्पर बसवलेली डल्सिमर बनवली. पेडल दाबलं की तारा शांत. कुणी तारांमध्ये कापडाची पट्टी ओवतं. कुणी हाताच्या कडेने तारा दाबतं, संतूरवादकही झाल्यावर करतात तसं.

वादनाच्या बाजूचं उत्तर मात्र एका वाक्यात मावतं: कमी वाजवा. ते अंगी बाणवणं हेच या शिक्षणातलं सगळ्यात अवघड काम आहे, कारण वाद्य सतत उलट सांगत असतं. दोन हात मोकळे, तारा समोर पसरलेल्या, मध्ये जागा दिसली की चार सूर टाकावेसे वाटतात. ओल्ड-टाइममध्ये ती जागा फिडलची असते. खर्जाच्या तारांना तर फारच जपून हात लावायचा, कारण त्या सर्वांत जास्त घुमतात आणि तिथे आधीच गिटार आणि बेस आहेत. चामड्याची बाजू वापरली तरी बराच फरक पडतो.

रचनेतला एक गुण मात्र मनसोक्त वापरता येतो. फिडलवाले धून वाजवताना शेजारची मोकळी तार सोबत घासतात, त्यामुळे तंबोऱ्यासारखा एक आधारस्वर मिळतो. डल्सिमरवर सा आणि प एकाच तारेच्या दोन बाजूंना असल्याने दोन्ही हातोड्या एकदम टाकल्या की तोच आधार तयार. भागाच्या शेवटी एकदा, नेमका टाकला तर फिडलवाला वळून बघतो. चांगल्या अर्थाने.

मग शिकायचं कुणाकडून?

जुन्या डल्सिमरवादकांची ध्वनिमुद्रणं थोडी, आणि नव्यांची बरीचशी दुसऱ्याच बाजाची. म्हणून हे वाद्य शिकणाऱ्याने गुरू म्हणून फिडल पकडायचं. टॉमी जॅरेल यांच्यासारख्यांच्या रेकॉर्ड ऐकायच्या. नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगराळ भागातले हे फिडल आणि बँजोवादक, जन्म १९०१, मृत्यू १९८५. उतारवयात त्यांच्या घरी देशभरातून तरुण शिकायला यायचे. बाल्टिमोरचे केन कोलोडनर फिडल आणि हॅमर्ड डल्सिमर दोन्ही वाजवतात, त्यामुळे एका वाद्याचा बाज दुसऱ्यावर कसा येतो हे त्यांच्याकडे ऐकायला मिळतं. त्यांचा मुलगा ब्रॅड बँजो वाजवतो. बापलेकांचं एकत्र वादन म्हणजे 'जागा सोडणं' कशाला म्हणतात याचा धडा.

शिकणं कानाने. नोटेशन मिळतं, पण त्यात धुनेचा फक्त नकाशा असतो आणि तोही कुणा एकाचा. यूट्यूबवर गती निम्मी करून आधी धून गुणगुणायची, तोंडाने पूर्ण आली की मगच हातोडी उचलायची. आपल्याकडे गुरू म्हणतात ना, आधी गळ्यात उतरव मग वाद्यावर. तेच. घाई करणारे इथेच फसतात.

४६ तारांचं रोजचं दुखणं

फिडलला चार तारा, बँजोला पाच. डल्सिमरवाल्याला ४६. लाकूड हवामानाप्रमाणे फुगतं-आकसतं, तारांचा एकत्र ताण शेकडो किलोंचा, त्यामुळे एसी हॉलमधून बाहेर अंगणात आणलं तरी सूर हलतात. जोडीतल्या दोन तारांपैकी एक जरा उतरली की आवाज डुगडुगतो. क्लिप लावायचा इलेक्ट्रॉनिक ट्यूनर आणि खुंट्या पिळायची किल्ली हे दोन जिन्नस हातोड्यांइतकेच गरजेचे. नवं डल्सिमर घेतल्यावर पहिले काही आठवडे वाजवण्यापेक्षा लावण्यातच जास्त वेळ जातो. नव्या माणसाने तारा तुटतील या भीतीने खुंटी जोरात पिळू नये, पाव फेऱ्याहूनही कमी पुरतं.

लोकांसोबत वाजवायचं असेल तर पेटी घरी किंवा बाजूला जाऊन लावून मगच बसायचं. दोन धुनांच्या मध्ये टिंग-टिंग करत बसणं हा या गोलातला मोठा अपराध. बँजोवाल्यालाही पट्टी बदलली की तारा पुन्हा लावाव्या लागतात, म्हणून मंडळी एका पट्टीत तासभरसुद्धा बसून राहतात. 'आता डी संपलं, ए मध्ये जाऊ' असं ठरतं, मग सगळे लावून घेतात. त्या वेळात डल्सिमरवाल्याला काहीच करावं लागत नाही, हा त्याचा एकमेव आराम.

गोलात बसताना

ओल्ड-टाइम जॅममध्ये कोण पुढे, हे सहसा न बोलता ठरलेलं असतं. फिडल पुढे. नव्याने आलेल्याने आतल्या गोलात खुर्ची ओढायची नसते. बाहेरच्या रांगेत बसायचं, फिडलवाल्याचा उजवा हात दिसेल असं. धून येत नसेल तर पहिल्या तीन-चार फेऱ्या नुसतं ऐकायचं. मग सांगाडा, हळू आवाजात. मोजमाप साधं आहे: फिडल ऐकू येईनासं झालं, की तुम्ही जोरात वाजवताय. एका गोलात दोन डल्सिमर झाली तर एकाने थांबलेलं बरं.

धून संपणार कधी, तेही कुणी बोलून सांगत नाही. फिडलवाला एक पाय वर उचलतो. तो दिसला की ती शेवटची फेरी.

वाद्य विकत घ्यायचं तर अमेरिकेत काही शे डॉलरपासून काही हजारांपर्यंत किमती आहेत. जुलैत मिशिगनच्या इव्हार्ट गावात डल्सिमरवाल्यांचा मेळा भरतो, आणि कॅन्ससमधल्या विनफिल्डच्या वॉलनट व्हॅली फेस्टिव्हलमध्ये हॅमर्ड डल्सिमरची राष्ट्रीय स्पर्धा होते. नातेवाईक किंवा मित्र तिकडे असतील तर वाद्य हाताळून बघायला या जागा उत्तम.

आणि घरात संतूर असेल तर? मांडणी वेगळी आहे, सप्तक असं मधोमध घडी घातलेलं नसतं, त्यामुळे हात नव्याने बसवावे लागतील. पण सा डी मध्ये धरून भूपाचे सूर लावले, तर 'अँजेलिना बेकर' उचलता येईल. फक्त मींड आवरायची, आणि वजन 'दाऽ'वर नको, 'दि'वर टाकायचं.